इमामभाईंचे कान

इमाम नदाफ यांना आमच्या भागात ‘कानवाले इमामभाई’ म्हणत. पलूसपासून साताऱ्यापर्यंत कुठेही ऑर्केस्ट्रा असो, जागरण-गोंधळ असो नाहीतर उरसातली कव्वाली असो, मिक्सरवर इमामभाई बसलेत एवढं कळलं की गाणारा निर्धास्त व्हायचा. मी त्यांच्याबरोबर बावीस वर्षं कीबोर्ड वाजवला. दिवसा पलूसच्या शाळेत मी संगीत शिकवतो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. तेही मास्तरच म्हणायचे.

त्यांच्या कानाची एकच गोष्ट सांगतो. विट्याला एका कार्यक्रमाची तयारी चालली होती. स्टेजवर आम्ही सातजण एकदम वाजवत होतो. इमामभाई हॉलच्या पार शेवटी, मिक्सरमागे उभे होते. त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि तिथूनच ओरडले, “केरबा, तुज्या धुमेला हवा लागलीया. उतरली बग.”

धुम म्हणजे ढोलकीची डावी बाजू, उजवी ती चाट. केरबा आमचा ढोलकीवाला, तीस वर्षांचा हात. तो म्हणाला, “मला कळंना आनि तुमाला तितनं कळतंय व्हय?” त्याने थाप मारून पाहिली, कान लावला आणि गुपचूप चावी काढली. धुम खरंच उतरली होती.

हे सांगायचं कारण, त्या माणसाकडे दुसरं काही नव्हतं. जमीन नव्हती, शिक्षण सातवीपर्यंत. बाप गाद्या पिंजायचा. चौदाव्या वर्षी सांगलीत एका लाउडस्पीकरवाल्याकडे वायरी गुंडाळायला लागले आणि तिथून स्वतःच्या कानाच्या जोरावर वर आले. पलूसला राहत्या घराच्या मागच्या खोलीत त्यांनी रेकॉर्डिंगची सोय केली होती. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या, बापाच्या हातच्या. गावोगावच्या बायका-माणसं तिथे येऊन गायची.

बारा-तेरा वर्षांपूर्वी गणपतीत पोलिसांनी आमच्या भागातल्या बऱ्याच जणांची साउंड सिस्टीम उचलून नेली. ती सोडवायला सगळे एकत्र आले आणि त्यातून आमचा संघ निघाला. कृष्णा-कोयना संगीत व्यावसायिक संघ. अध्यक्ष झाले वीरधवलदादा. इस्लामपूरकडचे, सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांत त्यांच्याएवढी मोठी सिस्टीम कुणाची नव्हती, आणि पुढाऱ्यांत ऊठबस होती. सचिव झाले इमामभाई. सांगलीत मार्केट यार्डामागे हळदीच्या एका गोदामावर संघाला खोली मिळाली. तिथे बसून आलेला माणूस घरी गेला तरी त्याच्या शर्टाला हळदीचा वास यायचा.

इमामभाईंनी त्या संघासाठी काय केलं नाही? ज्यांना सही येत नव्हती त्या गोंधळ्यांचे फॉर्म त्यांनी स्वतः भरले. ओळखपत्रं घरोघर पोचवली, कडेगावच्या डोंगरातल्या वाडीपर्यंत आपल्या जुन्या स्कूटरवरून. लाउडस्पीकरच्या परवानगीचे अर्ज, सभासदांचा गटविमा, मिरजेच्या दवाखान्यात सवलत, गाणं कुणी चोरलं तर काय करायचं याची शिबिरं, बाहेरच्या महोत्सवांना शिफारसपत्रं, हे सगळं ते बघायचे. दरवर्षी सभासदांची डिरेक्टरी निघायची. गायक, वादक, निवेदक, ध्वनी. कार्यक्रम ठरवणारा माणूस ती डिरेक्टरी उघडूनच फोन करायचा. ध्वनीच्या पानावर पहिलं नाव इमामभाईंचं.

कानाच्या तपासणीचं शिबिर ही कल्पनाही त्यांचीच. बैठकीत म्हणाले, “गावागावात डोळं तपासत्यात, साखर तपासत्यात. आपलं सगळं पोट कानावर, आनि कान कोन तपासत न्हाई. संघानं हे करायलाच पायजे.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. पण शिबिराच्या दिवशी खोलीबाहेर चाळीसेक सभासद नुसते उभे. कुणी चहा घेतंय, कुणी फोनवर बोलतंय, आत जायला कुणी तयार नाही. इमामभाई हसत म्हणाले, “अरं भित्र्यांनो, सुई न्हाई टोचत त्यात. मी जातो पयला. केरबा, माज्या मागं तू.”

मिरजेहून कान तपासणारी मुलगी आली होती. तिने खोलीच्या कोपऱ्यात काचेची बंद पेटी उभी केली होती. इमामभाई आत बसले, कानाला हेडफोन लावला. आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच. वीस मिनिटांनी बाहेर आले ते माझ्याकडे बघून डोळा मिचकावत. “मशीन बिघडलंया त्यांचं,” म्हणाले. “निम्मा वेळ काय वाजतच न्हवतं.”

त्या मुलीने त्यांना पुन्हा बसवलं. दुसऱ्यांदा बाहेर आले तेव्हा डोळा मिचकावला नाही. तिने कागद पुढे केला. त्यावरची रेघ डावीकडून सरळ येत होती आणि उजवीकडे विहिरीत पडावी तशी खाली गेली होती.

“काका, वरच्या पट्टीतले आवाज तुम्हाला जवळजवळ येतच नाहीत,” ती म्हणाली. “झांज, बासरीचा वरचा भाग, बोलण्यातला स आणि श. हे आजचं नाही. पाच-सहा वर्षं तरी झाली असतील. मोठ्या आवाजात काम करणाऱ्यांना होतं.”

ती हळूच बोलली. पण दार उघडं होतं आणि दारात रांग होती. रांगेतल्या प्रत्येकाने ते ऐकलं. केरबाचा नंबर दुसरा होता. त्याला एकदम आठवलं की गावाकडे म्हशीला डॉक्टर येणार आहे. तो गेला तसे एकेक करत बाकीचेही पांगले. त्या दिवशी शेवटी नऊ जणांनी कान तपासले, त्यातले चार चहावाले आणि गोदामातले हमाल.

इमामभाई त्या दिवशी कागदाची घडी घालून खिशात ठेवून घरी गेले. दोन दिवस माझा फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी मी घरी गेलो तर सुगराबी, त्यांच्या घरवाली, दारातच म्हणाल्या, “मास्तर, हे माज्याशी बोलंनात. मी काय बोलले की म्हनत्यात, मला सगळं आयकू येतंय, तू वरडू नगंस.”

सुगराबींच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा मिरजेला डायलिसिस. ते सगळं संघाच्या गटविम्यावर चाललं होतं. तो विमाही इमामभाईंनीच दीड वर्ष कंपनीच्या पायऱ्या झिजवून मिळवला होता.

पुढे संघाने ठरवलं की इमामभाईंना कानाचं मशीन द्यायचं. एक स्पीकरचा वितरक ते देणगी म्हणून द्यायला तयार होता. चांगलं मशीन होतं, बारीक, कानात बसणारं. इमामभाईंना ते हवंही होतं. फक्त त्यांनी वीरधवलदादांना विनंती केली. मी तिथेच होतो.

“दादा, मशीन मला हापिसात द्या. चार लोकांत नको.”

“आवं भाई, लपवायचं काय त्यात? चोरी केलीया का?”

“चोरी न्हाई. पर माजा धंदा कानाचा हाय.”

“देनाऱ्याला फोटो पायजे, भाई. त्यो काय फुकट देतोय व्हय? आनि लाभ देताना फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, हा ठराव तुमच्याच अक्षरात हाय.”

ते खरं होतं. पहिल्या वर्षी आरोग्यकार्डं वाटली, तेव्हा निम्म्या लोकांनी आम्हाला मिळालीच नाहीत अशी ओरड केली होती. म्हणून इमामभाईंनीच तो ठराव मांडला होता. आता ते मान खाली घालून टेबलावरचा पेन नीट ठेवत राहिले.

साताऱ्यात वार्षिक मेळावा झाला. इमामभाईंना खुर्चीत बसवलं. वीरधवलदादा वाकून त्यांच्या कानात मशीन घालतायत, बाजूला वितरक हसतोय, मागे त्याच्या कंपनीचा मोठा फलक. ग्रुपवर साडेतीनशे लोक होते. ‘श्रवणदोष असलेल्या ज्येष्ठ ध्वनी संयोजकास यंत्र प्रदान’ असं खाली लिहिलं होतं. बघता बघता टाळ्यांच्या चित्रांची रांग लागली. मीही एक चित्र टाकलं. तेव्हा ते टाकताना मला काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी तोच फोटो सांगलीच्या एका वर्तमानपत्रात आला.

त्यानंतर त्यांचा फोन वाजायचा बंद झाला. एकदम नाही. आधी तासगावच्या मंडळाने कळवलं की यंदा कार्यक्रम लहान करतोय. मग एका कव्वालाने सांगितलं, “चाचा, इतकी वर्सं केलं, आता आराम करा.” कुणीही वाईट बोललं नाही. सगळे लय गोड बोलले. पुढची डिरेक्टरी निघाली तेव्हा ध्वनीच्या पानावर त्यांचं नाव नव्हतं. शेवटी एक नवं पान होतं, ‘ज्येष्ठ मार्गदर्शक’, आणि त्या पानावर त्यांचं एकट्याचं नाव. खाली फोन नंबरसुद्धा छापला नव्हता.

“इसरला असंल छापनारा,” ते मला म्हणाले. पण वह्या-कागद तपासायची त्यांची सवय मला माहीत होती. विसरलं नव्हतं कुणी.

हे सगळं इथवर थांबलं असतं तर मी एवढ्या तपशिलात सांगितलं नसतं. चांगल्या माणसाचं काम गेलं, असं बऱ्याच जणांचं होतं. खरं जे झालं ते पुढच्या महिन्यात झालं.

एका रविवारी सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. मागच्या खोलीत गेलो तर ते जमिनीवर बसले होते. समोर कॉम्प्युटर, आजूबाजूला जुन्या सीडी आणि पेन ड्राइव्ह पसरलेले. कानात मशीन होतं. माझ्याकडे न बघता म्हणाले, “बसा. ऐका हे.”

त्यांनी एक गाणं लावलं. जात्यावरच्या ओव्या होत्या. आवाज संयोगिताचा होता, मी लगेच ओळखला. संयोगिता बावळेकर, महाबळेश्वरजवळच्या एका गावची. आईकडून ओव्या शिकलेली, नवरा फौजेत. चार वर्षांपूर्वी ती इथेच येऊन गायली होती. दमदार, खालून येणारा, थोडा खरखरीत आवाज होता तिचा. स्पीकरमधून मात्र तो पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा येत होता. प्रत्येक ‘स’ला कानात टोचत होतं. पाठीमागचे टाळ तिच्या अंगावर धावून आल्यासारखे वाजत होते.

“पयल्यांदा वाटलं मशीनच खराब हाय,” इमामभाई म्हणाले. “म्हनून दुसऱ्याचं गानं लावलं. ते बेस वाजलं. मग माजी एकेक काढली. दहा वर्सांपूर्वीची चांगली हायती. सात वर्सांपूर्वीची चांगली हायती. मग ही अशी. सगळी अशी. मला वरचं आयकू येत न्हवतं म्हनून मी ट्रेबल चढवत गेलो. मला बरुबर वाटंपतुर चढवत गेलो.”

मी पसरलेल्या सीडी गोळा करू लागलो.

“मास्तर, तुमाला कळत व्हतं?”

खोटं बोलायला जागा नव्हती. मी मान हलवली.

“कवापासनं?”

“चारेक वर्षं.”

“चार वर्सं तुमी माज्या पुढ्यात बसून वाजवलं.”

“भाई, तुम्हाला आवाजाबद्दल कोण सांगणार?”

“तुमी सांगायला पायजे व्हतं,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही. “केरबाला ठावं व्हतं?”

“सगळ्यांना. मागं सगळे बोलायचे. पण तुम्ही सचिव. कार्यक्रम तुमच्या हातून जायचे, शिफारशी तुमच्या सहीने जायच्या. आणि त्याशिवायही…” मला पुढे बोलता आलं नाही. कारण त्याशिवाय काही नव्हतंच. आम्ही भित्रे होतो आणि आमची सोय बघत होतो, एवढंच.

त्यांनी गाणं बंद केलं. मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती.

संयोगिताने हे रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा ती काही बोलली नव्हती. आभार मानून गेली होती. ते गाणं तिने कुठेही लावलं नाही, कुणाला दिलं नाही. सहा महिन्यांनी इमामभाईंना कळलं की तिने त्याच ओव्या साताऱ्यात दुसऱ्याकडे पुन्हा रेकॉर्ड केल्या. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं. ज्या बाईला आपण संघात घेतलं, जिचा फॉर्म आपल्या हाताने भरला, ती आपल्याला न सांगता दुसऱ्याकडे गेली.

त्याच वर्षी राजस्थानातल्या एका मोठ्या लोकसंगीत महोत्सवाने संघाकडे दोन गायिकांची नावं मागितली. यादीत संयोगिताचं नाव पहिलं होतं. इमामभाईंनी तिच्या नावापुढे शेरा लिहिला, ‘सभासद संघाशी सहकार्य करत नाहीत’, आणि नाव खाली घातलं. तिच्या जागी दुसरी गेली.

“ती किरकोळ बाई न्हवती मास्तर,” ते म्हणाले. “माजा आवाज बिघडला म्हनून ती दुसरीकडं गेली. मी समजलो माज चढला तिला.”

त्यांना तिच्याकडे जायचं होतं. एकट्याने जायची हिंमत नव्हती म्हणून मला बरोबर घेतलं. जानेवारी होता. सातारा, वाई, मग एसटीने घाट चढून पाचगणी आणि पुढे. संयोगिताच्या गावी पोचलो तेव्हा ऊन चांगलं आलं होतं, पण हवेत बोचरी थंडी होती. घरी कुणी नव्हतं. शेजारच्या म्हाताऱ्याने स्ट्रॉबेरीच्या शेडकडे बोट दाखवलं.

शेडमध्ये वीसेक बायका रांगेत बसल्या होत्या. प्लॅस्टिकच्या लहान डब्यांत फळं मांडायची, देठ एका बाजूला, मोठी वर, किडकी बाहेर. संयोगिता शेवटाला होती. अंगात पुरुषी स्वेटर, डोक्याला रुमाल. आम्हाला बघून उठली, हात पुसले. बाहेर येऊन उभी राहिली. बसा म्हणाली नाही. बसायला तिथे काही नव्हतंही.

इमामभाईंनी एका दमात सगळं सांगितलं. कान, मशीन, रेकॉर्डिंग, शेरा. काही राखून ठेवलं नाही.

सगळं झाल्यावर ती म्हणाली, “आवाजाचं मला तवाच कळलं व्हतं.”

“मग बोलला का न्हाईसा, ताई?”

“तुमच्या तोंडावर? एवढं मोठं तुमचं नाव. आनि मी सांगितलं असतं तर तुमी काय केलं असतं?”

इमामभाईंनी कानातलं मशीन चाचपलं.

“जे केलं तेच केलं असतं,” ती म्हणाली. “शेऱ्याचं मातर आज कळतंय. मला वाटलं मीच कमी पडले. मी घरात सांगून बसले व्हते, मला राजस्थानला बोलावनार म्हनून. सासूला लुगडं घ्यायला लावलं, पोरांना माहेरी ठेवायचं ठरवलं. मग नाव आलं न्हाई. सासू म्हनली, बघ, तुज्या गान्याची किंमत. मग मालक सुट्टीवर आलं, तेबी म्हनलं, बास झालं. मी म्हनलं, बास तर बास.”

“ताई, ते मूळ रेकॉर्डिंग माज्याकडं हाय. अलग अलग आवाज हायती सगळं. दुसऱ्या चांगल्या पोराला बसवून मी ते नीट करून घेतो. तुमचा आवाज जसा हाय तसा येईल.”

“कशाला?”

“म्हंजे…”

“त्यो आवाज चार वर्सांमागचा हाय. आता माजा गळा ऱ्हायला न्हाई. सकाळपासनं ह्या गारठ्यात बसते. ते नीट करून मी कुनाला आयकवू? माज्या पोरांनी म्हनायचं, आई तवा बरी गात हुती?” तिने शेडकडे पाहिलं. “ऱ्हाऊ द्या. पुसून टाका. मला काम हाय.”

आत जाताना ती एकदा वळली. मला वाटलं काहीतरी मऊ बोलेल. ती म्हणाली, “तुमी आलासा, बरं केलं. पर मी तुमाला माफ केलं असं गावात कुठं सांगू नका.”

परतीच्या एसटीत इमामभाई खिडकीशी बसून होते. वाईला गाडी थांबली तेव्हा मी चहा आणला, तो त्यांच्या हातात निवला. सांगलीला उतरल्यावर घरी न जाता ते सरळ संघाच्या खोलीवर गेले आणि तिथेच बसून पत्र लिहिलं. संयोगिता बावळेकर यांच्या नावापुढील शेरा माझ्या वैयक्तिक रागातून लिहिलेला आहे, तो खोटा आहे, तो काढून त्यांचं नाव पुन्हा यादीत घ्यावं आणि संघाने त्यांना लेखी दिलगिरी कळवावी. खाली सही, तारीख.

बैठकीत वीरधवलदादांनी ते पत्र वाचलं. मोठ्याने नाही, मनातल्या मनात. मग घडी घातली.

“भाई, हे फायलीला लावता येत न्हाई.”

“का?”

“एक शिफारस रागानं फिरवली म्हनून आपनच लिहून दिलं, तर आजपतुरच्या सगळ्या शिफारशींवर लोक बोट ठेवत्याल. कलेक्टर हापिसात आपल्या पत्राला किंमत हाय. ती घालवायची का?”

“चूक झालीया दादा.”

“झाली असंल. ती बाई आता गात न्हाई, सभासदबी न्हाई. तिनं तक्रार केलीया का? मग तुमी कशापायी उकरून काढताय? तुमचं मन हलकं करायला संघ न्हाई.”

बाकीचे अकराजण टेबलाकडे बघत बसले. त्यात मी होतो, केरबा होता. मी म्हणायला हवं होतं की पत्र लावा. माझ्या तोंडात शब्द आलेही होते. पण त्याच महिन्यात माझ्या शाळेच्या मुलांचं नाव संघाने पुण्याच्या स्पर्धेला पाठवायचं होतं. मी पाणी प्यायलो.

इमामभाईंनी पत्र परत घेतलं आणि घरी जाऊन राजीनामा लिहिला. सचिवपदाचा आणि सभासदत्वाचाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो द्यायला निघाले तेव्हा सुगराबी डायलिसिसला जायची पिशवी भरत होत्या. हे सुगराबींनीच मला नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या, “द्या तुमी. माज्यासाटी थांबू नका. अल्ला बघून घेईल.” आणि पिशवीत टॉवेल ठेवला, बिस्किटाचा पुडा ठेवला, आणि विम्याचं कार्ड ठेवायला हात थांबला. त्यांनी ते कार्ड टेबलावरच ठेवलं.

इमामभाईंनी ते उचलून पिशवीत घातलं. राजीनाम्याचा कागद चुलीत घातला आणि त्यांना घेऊन मिरजेला गेले.

सचिवपद मात्र त्यांनी सोडलं. ते सोडायला कुणाची हरकत नव्हती. आता ते यार्डात जावयाच्या दुकानात बसतात. ताडपत्री, सुतळी, पोती. गिऱ्हाईक आलं की मशीन चाचपतात आणि जरा पुढे वाकून ऐकतात. संयोगिताच्या ओव्या त्यांनी पुसल्या की ठेवल्या, मी विचारलं नाही.

संघाचं शिबिर दुसऱ्या वर्षीही भरलं. जाहिरातीवर इमामभाईंचा तोच मशीन घालतानाचा फोटो होता आणि खाली, ‘वेळीच तपासा’. वाजवणारा, गाणारा, मिक्सरवर बसणारा एकही सभासद आला नाही. मिरजेची ती मुलगी दुपारपर्यंत काचेच्या पेटीशेजारी बसून राहिली आणि मग सामान आवरून गेली.

यंदाच्या मेळाव्यात संघाने इमामभाईंना शाल-श्रीफळ दिलं. ते आले, कारण आलं नाही तर वाईट दिसतं आणि विम्याचं नूतनीकरण एप्रिलमध्ये असतं. वीरधवलदादांनी भाषणात सांगितलं की सभासदाच्या अडचणीत संघ कसा पाठीशी उभा राहतो याचं हे उदाहरण आहे. इमामभाईंनी हात जोडले, सगळं ऐकलं, शाल नीट घडी करून पिशवीत ठेवली.

हॉलबाहेर मांडवाच्या कडेला केरबा आमची वाट बघत उभा होता. आजूबाजूला कुणी नाही ना हे त्याने दोनदा बघितलं.

“भाई,” तो म्हणाला, “हिकडच्या कानात सारखी शिट्टी वाजतीया. लय दिवस झालं. चाट वाजवली की मलाच आयकू येत न्हाई. कुटं दाखवू? मिरजंला नको. मिरजंला सगळी वळखत्यात.”

इमामभाईंनी त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं ते आता बोलतील, त्याला सुनावतील, रांगेतून पळालास म्हणतील. ते म्हणाले, “कोल्हापूरबी नको. बेळगावला जा. तितं तुला कोन वळखत न्हाई. नाव दुसरं सांग.”

मग त्यांनी दवाखान्याचं नाव आणि पत्ता सांगितला. केरबाने कागद नव्हता म्हणून तोंडाने दोनदा घोकला. मी बाजूलाच उभा होतो. मीही तो पाठ करून घेतला.